स्टोक्सचं नाव येऊ नये म्हणून

ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायचं काम बर्नडीनचं. पण त्या शुक्रवारी माशांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. टीव्हीवर गावचं कॉलेज, सेंट ओडो, बास्केटबॉल लीगची फायनल खेळत होतं आणि अख्खं गाव निळे स्वेटर घालून ओरडत होतं.

"हरलो तरी मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आपल्याला येणारच," मार्लीस कोबीची कोशिंबीर वाढता वाढता म्हणाली. "पण कप घरी आला तर कसं बरं वाटेल, नाही गं?"

बर्नडीननं कढईतले मासे उलटले. आठवडाभर तिच्या डोक्यात हेच चाललं होतं. लीग जिंकणारा मोठ्या स्पर्धेत हक्कानं जातो, उरलेल्यांतून समिती निवडते. सेंट ओडो हरलं, तर फायनलमधलं समोरचं वॉलिंगर कॉलेज हक्कानं जाईल, सेंट ओडोला समिती घेईलच, आणि काठावर लटकलेल्या कुणाची तरी जागा जाईल. काठावर सगळ्यात शेवटी लटकलं होतं नॉर्थ कॅल्डर विद्यापीठ. तिथला कोच रॅन्डल स्टोक्स.

हा स्टोक्स आधी सेंट ओडोला होता. तिच्या स्वयंपाकघरात बसून, मागून मागून चेरीची पेस्ट्री खात म्हणाला होता, "तुमचा ओवेन म्हणजे माझाच मुलगा समजा." खेळताना तिच्या मुलाचा, ओवेनचा, गुडघा कामातून गेला, तेव्हा ह्यानं शिष्यवृत्ती काढून घेतली. तेही स्वतः सांगितलं नाही, मदतनिसाला फोन करायला लावला. मग मोठा पगार बघून चालता झाला. ओवेन आता लंगडत लंगडत ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. स्टोक्सबद्दल त्यानं कधी वाकडा शब्द काढला नाही. आत्ताही पुढच्या खुर्चीत बसून सेंट ओडोसाठी घसा फोडत होता.

खेळ संपत आला. सेंट ओडो एका गुणानं मागे आणि आपल्या पोराला दोन फ्री थ्रो. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले. मार्लीसनं बर्नडीनचा पिठाचा हात घट्ट पकडला.

चुकू दे, बर्नडीन मनात म्हणाली, रोज जपमाळ म्हणते तशीच हळू. दोन्ही चुकू दे.

दोन्ही चुकले. मार्लीस तिच्या गळ्यात पडून रडली. बर्नडीननं तिची पाठ थोपटली.

शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. "फादर, आपली पोरं हरावीत म्हणून मी प्रार्थना केली."

जाळीपलीकडे फादर पुढे सरकले. "कालच्या फायनलला?"

"हो."

"बर्नडीन!" नाव घ्यायचं नसतं हे फादर लायनस विसरूनच गेले. "अहो, मी टीव्हीपुढे गुडघे टेकून बसलो होतो!"

"मग देवानं माझं ऐकलं, फादर."

फादर खोकले. तिनं स्टोक्सचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पश्चात्ताप होतोय ना?"

"उद्या संध्याकाळी नावं जाहीर झाली की सांगितलं तर चालेल?"

"असं नसतं हो बाई."

"मग नाही होत."

"तर मला क्षमा देता येणार नाही. आणि उद्या ख्रिस्तप्रसादही घेता येणार नाही तुम्हाला."

नवरा गेल्यापासून तिनं एक दिवस प्रसाद चुकवला नव्हता, बर्फात गाडी अडकली तेव्हासुद्धा चालत आली होती. "कल्पना आहे," ती म्हणाली आणि डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडली.

रविवारी सगळे प्रसादाला उठले. इतरांना जाऊ देण्यासाठी ती पाय आवरून बाकावर बसून राहिली.

"बरं नाही का गं?" मार्लीस कुजबुजली.

"बरी आहे. जा तू."

संध्याकाळी ती ओवेनच्या घरी टीव्हीपुढे बसली. सेंट ओडोचं नाव आलं तसा ओवेननं टाळ्या पिटल्या. मग वॉलिंगरचं आलं. शेवटची जागाही भरली. नॉर्थ कॅल्डर कुठेच नव्हतं. पडद्यावर त्यांचा हॉल दिसला. मुलं माना खाली घालून बसलेली आणि स्टोक्स खुर्चीची पाठ धरून उभा, तोंड पांढरंफटक.

"बिचारी पोरं," ओवेन म्हणाला.

"पोरं बिचारीच," ती म्हणाली. चित्र बदललं. "अजून जरा दाखवायला काय झालं होतं ह्यांना?"

"आई! अगं, मी कधीच सोडून दिलं ते."

"तू दिलंस," बर्नडीन म्हणाली.

सोमवारी पहाटे चर्चमध्ये मिस्सेला ती नेहमीसारखी आली. प्रसादाच्या वेळी फादर लायनसनी तिच्या बाकाकडे बघून भुवया उंचावल्या. बर्नडीननं डोळे मिटून प्रामाणिकपणे मनात शोधलं. तिथे ते पांढरंफटक तोंड होतं आणि ते आठवून अजूनही गोड वाटत होतं.

तिनं नकारार्थी मान हलवली आणि शेजारच्या बाईला वाट देण्यासाठी पाय आवरून घेतले.