दोन डोळ्यांचा पाऊस

“ताई, पुरे! डोळे बाहेर येतील आमचे,” चष्मा काढून दिग्दर्शकाने कपाळ दाबलं.

पडद्यावर पाऊस कोसळत होता. ताईंनीच पाडलेला. थ्रीडी सिनेमांसाठी कॉम्प्युटरवर पाऊस, लाटा, धुकं करायचं, यातच त्यांची हयात गेली. अशा सिनेमात प्रत्येक थेंब दोनदा करावा लागतो. डाव्या डोळ्यासाठी एक आणि उजव्यासाठी जरासा सरकवलेला दुसरा. सगळी गंमत त्या सरकवण्यात. जमलं तर थेंब थेट नाकासमोर येतो, नाहीतर बघणाऱ्याचं डोकं ठणकतं.

ताई महिनाभर दोन थेंबांमधलं ते अंतर वाढवतच चालल्या होत्या.

“सपाट दिसतोय हो. पडद्याला चिकटल्यासारखा.”

“सपाट? अहो, माझ्या डोळ्यांत घुसतोय!”

दुसरी कोणी असती तर कडाकडा भांडली असती. पण ताईंना चौकशीची खोड जन्माची. घरी नळ सोडून धार कुठे तुटते ते बघत उभ्या राहायच्या, नि यजमान ओरडायचे, “अगं, पाणी भरायचंय की न्याहाळायचंय?” अशी बाई हा सपाट पाऊस सोडते की काय! चष्मा बदलून पाहिला, खुर्ची बदलून पाहिली. मग हाताने डावा डोळा झाकला. पाऊस तस्साच. उजवा झाकला, तर समोर नुसतं धुकं, आणि ते काही त्यांनी केलेलं नव्हतं.

“अगंबाई, बिघाड इकडे आहे होय!” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याची नस सुकलीय, गेलेली नजर परत यायची नाही. ताईंना रडू फुटलं ते घरी आल्यावर. “लोकांना भिजवायचं नि आपण कोरडं राहायचं, हा कुठला न्याय?” यजमान त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी दिग्दर्शकाला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. “पाऊस मीच पाडीन. अंतर तेवढं हिला बघू दे.” ही म्हणजे शेजारच्या टेबलावर बसून सिनेमातल्या आगी लावणारी पोरगी.

“आगीच्या हाती पाऊस देताय?”

“कोणाच्या तरी हाती द्यायलाच हवा ना!”

सिनेमा पुरा झाल्यावर घरच्यांसाठी खास खेळ ठेवला. “सिनेमाला चष्मा कसला? मी काय वेल्डिंग करायला चाललोय?” म्हणून आजवर टाळाटाळ करणारे यजमान त्या दिवशी मुकाट्याने चष्मा लावून बसले.

पाऊस सुरू झाला. ताईंना तो भिंतीवरच्या चित्रासारखा दिसला. दिसणारच. त्यांनी पडद्याचा नाद सोडला आणि यजमानांकडे वळून बसल्या. ते आ वासून बघत होते. त्यांचा हात हळूहळू वर गेला, आणि नाकापासून वीतभर पुढे हवेत त्यांनी मूठ मिटली.

“इथे होता?” ताईंनी ती मूठ धरून विचारलं.

“इथेच. अगं, अगदी इथे!”

ते हात खाली घेऊ लागले. ताईंनी घेऊ दिला नाही.