दगड कुणी मारला

वकीलबाईंनी फोनवर बजावलं होतं, की उद्या येताना सगळं नीट आठवून या, मोबाईलमधलं काही पुसू नका आणि बाहेर कुणाशी बोलू नका.

म्हणून दुपारीच दुकान बंद करून आक्का धाकट्या भावासमोर बसली. कृष्णात पेठेतल्या तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. रविवारी सामना सुटल्यावर मैदानाच्या गेटवर दोन्ही पेठांची पोरं भिडली, दगड आले आणि समोरच्या संघाच्या एका पोराचा डोळा गेला. पोलिसांनी गुन्ह्यात कृष्णातचं नाव घातलं.

"मीच वकीलबाई हाय असं समज," आक्का म्हणाली. "दगड आला तवा कुठं हुतास?"

"गेटजवळ."

"शेजारी कोण?"

"अरिहंत."

"मग दगड मारला कुणी?"

"गर्दी हुती. दिसलं न्हाय."

"लांबनं येणारा बॉल दिसतो, आन् शेजारचा हात दिसत न्हाय व्हय?"

कृष्णात उठून पाणी प्यायला गेला. अरिहंत त्याच्याच संघात बचावाला खेळायचा. आई वारल्यावर कृष्णातचा शाळेचा डबा अरिहंतच्या घरातनं, त्याच्या आईच्या, राजमतीकाकींच्या हातचा यायचा. त्या रविवारी अरिहंतनं दगड उचलला, तेव्हा कृष्णातनं त्याचं मनगट धरलं होतं. ते निसटलं. परतताना अरिहंत रडत म्हणाला होता, "माझं नाव घिऊ नगंस. तू मारला न्हाईस, अशी साक्ष मी देतो." कृष्णातनं शब्द दिला होता.

"अरिहंत साक्ष देणार हाय," तो एवढंच म्हणाला.

संध्याकाळी अरिहंतचे वडील बापूसो आले. चपला न काढताच उंबऱ्यात उभे राहिले.

"उद्या वकिलाकडं चाललायस म्हणं. अरिहंतला साक्षीला धरू नगं."

"का काका?"

"त्यानं काल पोलिसात जबाब दिलाय."

"दिला? मग बरं झालं की!"

बापूसोंनी नजर भिंतीकडं वळवली. "दगड तू मारलास, असं सांगितलंय. डोळ्यांनी बघितलं म्हणाला."

आत कुकरची शिट्टी झाली.

"कुरुंदवाडला त्याचं लग्न ठरलंय रं. तुझं बघू आपण. चांगला वकील मी देतो."

"काकींना ठावं हाय?"

बापूसो जायला वळले. "तिनंच पाठवलंय मला."

आक्का उठली. "काका, चपला पायातच हाईत. तसंच निघा."

ते गेल्यावर कृष्णात जमिनीवरच बसला. "मी धरलेला त्याचा हात, आक्का. सोडवून घेतला त्यानं." बराच वेळ तो तेच तेच म्हणत राहिला. मग त्या घरातल्या प्रत्येक जेवणाची त्याला किळस आली, आणि किळस आली म्हणून स्वतःचाच राग आला.

सकाळी कसबा बावड्यातल्या ऑफिसात ॲडव्होकेट दीपा मगदूम यांनी दार लावून घेतलं. "इथलं बोलणं माझ्यापाशीच राहतं. जे लपवायचं ठरवून आला होतात, ते आधी सांगा."

कृष्णातनं आक्काकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. नाव ओठांवर येईना. मग एकदम आलं.

"अरिहंतनं मारला. अरिहंत चौगुलेनं."

आणि तो ढसाढसा रडला. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, थांबल्या, आणि मगच विचारलं, "गेटसमोर कुठं कॅमेरा आहे का?"

"मेडिकलच्या दारात हाय."

त्यांनी लगेच फोन उचलला.

मेडिकलच्या चित्रीकरणात सगळं दिसलं. काही महिन्यांनी कृष्णातचं नाव गुन्ह्यातून निघालं. आता अरिहंतविरुद्धच्या खटल्यात तो साक्षीदार आहे. आक्कानं पेढे आणले, त्यानं एकही खाल्ला नाही. तो पुन्हा गोलमध्ये उभा राहतो, चांगला खेळतो. फक्त बचावातल्या पोरांना आता नावानं हाक मारत नाही. पाठीवरच्या नंबरानं मारतो.