सरकारी वाढदिवस

"नाम बोलो अम्मा, बच्ची का नाम," खिडकीतल्या बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

"नाम रखेच नै मा. पाच दिन की थी," पार्वतीबाई म्हणाल्या.

हिमायतनगरच्या शाळेत आया म्हणून उभा जन्म काढलेल्या बाई त्या. ही अशी दखनी, इथली उर्दू वळणाची हिंदी, तीही मराठवाडी हेलात, बोलून त्यांनी भल्याभल्या पालकांना फाटकाबाहेर उभं केलं होतं. आज पालिकेच्या कार्यालयात मात्र त्या अगदी हळू बोलत होत्या. शेजारी त्यांची मुलगी दीक्षा विजेच्या खात्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती आणि सारखी घड्याळाकडे बघत होती.

हा सगळा उद्योग नातीनं लावून दिलेला. प्रियदर्शिनी कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीत बसून घराण्याची वंशावळ मांडत होती. आजोबा, पणजोबा, देगलूरकडचे चुलते, सगळ्यांना तिनं चौकटीत बसवलं. आजीला सगळं वाचून दाखवलं, तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "एक राहिली की गं. तुझ्या आईच्या आधीची." प्रियदर्शिनी चकितच झाली. दीक्षाला ऐकून ठाऊक होतं, पण घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. "आजी, दवाखान्यात जन्मली ना? मग नोंद असणारच. मागितली तर मिळते," असं नात म्हणाली आणि पार्वतीबाईंनी ते धरूनच ठेवलं.

त्यांना दुसरं काही नको होतं. पहिलटकरीण होत्या, अंगात ताप होता. लेकरू गेलं तेव्हा माणसांनी ते फडक्यात गुंडाळून नेलं, त्यांना तोंडसुद्धा दाखवलं नाही. नवऱ्यानं, तातेरावांनी, परत येऊन पाय धुतले आणि त्यानंतर मरेपर्यंत तिचं नाव काढलं नाही; काढायला नाव नव्हतंच म्हणा. इतकी वर्षं कुणी बोललं नाही की माणसाला स्वतःचाच भरवसा वाटेनासा होतो. आपल्याला ती झाली होती ना, की तापात दिसलं ते? कुठंतरी कागदावर ती असावी आणि तो कागद एकदा हातात धरावा, एवढीच त्यांची तहान होती.

"ऐसा किसी को भी नै देते अम्मा. आप कौन लगते उसके?" बाईंनी विचारलं. गळ्यातल्या ओळखपत्रावर भाग्यलक्ष्मी असं नाव होतं.

"माँ लगती मैं."

भाग्यलक्ष्मीबाई जराशा नरमल्या. "तारीख बोलो फिर."

तारीख कुठली असायला! पार्वतीबाईंच्या डोक्यात इंग्रजी तारखा कधी राहिल्याच नाहीत. साल ठाऊक होतं, कारण त्याच वर्षी तातेराव सुलतान बाजारच्या छापखान्यात बाइंडर म्हणून लागले होते. आणि दिवस ठाऊक होता. "अस्सी का साल, बुद्धपौर्णिमा हुई, उसके दो दिन के बाद. वस्तीतली खीर मला खाऊ दिली नव्हती, पोटुशी म्हणून," त्या म्हणाल्या. दुसरं वाक्य त्या मराठीतच बोलल्या हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

भाग्यलक्ष्मीबाईंनी फोनवर जुनं कॅलेंडर काढलं. "एटी में पूर्णिमा तीस एप्रिल. मतलब दो मे."

दीक्षा हसली. "घ्या. माझा सरकारी वाढदिवस."

ही तिची जुनी कुरकुर होती. ती जन्मली दोन वर्षांनी, भर थंडीत, घरीच सुईणीच्या हातून. नोंद कुणी केली नव्हती. शाळेत घालताना बापानं कुठूनसा दाखला आणला आणि त्यावर दोन मे, साल ऐंशी. गावाकडे मास्तर सगळ्या पोरांना एक जून लावून टाकायचे, तशातलाच प्रकार, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. "लोक पोरांचं वय कमी लावतात, आमच्या बाबांनी वाढवून ठेवलं. दोन वर्षं आधी रिटायर होणार मी," असं दीक्षा सगळ्यांना सांगायची.

भाग्यलक्ष्मीबाई पडद्यावर बोट फिरवत होत्या. "फादर तातेराव?"

"हौ," पार्वतीबाईंनी खिडकीचा गज धरला.

"मदर पार्वतीबाई. फीमेल. है अम्मा, है."

पार्वतीबाईंना एकदम रडू कोसळलं. होती तर. झाली होती ती. दीक्षानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पर नाम है इसमें," भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या. "दीक्षा."

"काय?" दीक्षा पुढे झाली.

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. जन्माची नोंद होते तेव्हा नावाची जागा रिकामीच असते, त्यांनी सांगितलं. नाव मागाहून येऊन भरतात. हे सत्त्याऐंशीत भरलं होतं आणि बाजूला सही होती. तातेरावांची ती वळणदार सही दोघींनी लगेच ओळखली.

"मौत की एंट्री नै है इसकी," भाग्यलक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी दीक्षाकडे बघितलं आणि गेलेल्या मुलीच्या नोंदीवर बापानं हिचं नाव चढवलं, हे त्यांच्याही ध्यानात आलं. "अलग कराना है तो कोर्ट जाना पडता. इनके नौकरी के कागज, आधार, सब बदलना पडता."

दीक्षानं पडद्यावरचं आपलं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "आई, तुला पाहिजे तर करू. माझं काय व्हायचं ते होईल."

पार्वतीबाईंनी लेकीकडे पाहिलं. शाळेत हिचं नाव त्या तारखेवर लागलं, नोकरी तिच्यावर लागली, लग्नाच्या नोंदीतही तीच तारीख. "नको," त्या म्हणाल्या. "एकीला खोडल्याबिगर दुसरी बसना तिथं. दोघी ऱ्हाऊ द्या."

नक्कल मात्र त्यांनी मागून घेतली. दीक्षा म्हणाली, "अगं, हाच कागद आपल्या कपाटात आहे इतकी वर्षं." तरी त्यांनी ती घेतली आणि 'मदर' कुठं लिहिलंय ते तिला बोट ठेवून दाखवायला लावलं.

रिक्षा सुलतान बाजारात गर्दीत अडकली. कडेच्या गाडीवर ताडाच्या पानांत मुंजलं, म्हणजे ताडगोळे, मांडलेली होती. ते बघितलं आणि पार्वतीबाईंना आठवलं. दरसाल दोन मेला तातेराव छापखान्यातून येताना मुंजलं आणायचे. "पोरीचा सरकारी वाढदिवस," म्हणायचे. स्वतः सोलून मायलेकींना द्यायचे आणि आपण एकही तोंडात घालायचे नाहीत. "बाधतं मला," असं सांगायचे. उन्हाळाभर इतर दिवशी तोच माणूस डझनानं खायचा, आणि त्यावरून पार्वतीबाई त्यांची थट्टाही करायच्या. दोन मे हा पहिलीचा दिवस, हे त्यांना आज कळलं होतं.

"रिक्षा थांबव," त्या दीक्षाला म्हणाल्या.

घरी आल्या आल्या प्रियदर्शिनीनं विचारलं, "आजी, मिळाली का गं?"

"मिळाली. तुझी आई सांगंल," पार्वतीबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी मुंजलं सोलली, एका ताटलीत घालून दोघींपुढं ठेवली. एक मात्र वाटीत घेतलं आणि भिंतीवरच्या तातेरावांच्या फोटोखाली, फळीवर नेऊन ठेवलं.

"खावा आता," त्या म्हणाल्या. "मला समजलं."