बंद गिझरचं पेटंट

रियाधमध्ये उन्हाळा लागला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहा टाकण्याजोगं तापतं. मग लोक घरातला गिझर बंद ठेवतात. एसीच्या गारव्यात त्यातलं पाणी निवतं आणि आंघोळ गरम नळाच्या गार पाण्याने होते. नव्या माणसाला हे इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात पडायच्या आधी कळतं.

डॉ. हरिहर टिळेकरांनी मात्र यंदा हा उपाय स्वतःचा शोध म्हणून जाहीर केला आणि त्याचं अमेरिकन पेटंट घ्यायचं ठरवलं.

अल सुलै या कारखान्यांच्या भागातल्या त्यांच्या कंपनीत पेटंटचे अर्ज श्रुती करायची. पेटंट नव्या गोष्टीलाच मिळतं, म्हणून अमेरिकेत अर्ज टाकायचा तर आपल्याला ठाऊक असलेलं जुनं सगळं कळवावं लागतं. नुसती पेटंटं नव्हेत, मासिकांत-पुस्तकांत छापून आलेलंही. लपवलं तर पेटंट बुडतं आणि अर्ज करणाऱ्याची अब्रूही. आणि श्रुतीला रियाधच्या मराठी मंडळाची जुनी स्मरणिका ठाऊक होती. त्यात लेख होता, 'उन्हाळ्यात गार पाणी', लेखिका हेमलता टिळेकर.

"सर, वहिनींचा लेख द्यावा लागेल."

"हिचा? अगं, ही लोणच्यांवर लिहिते."

"हा गिझरवर आहे. आकृतीसुद्धा काढलीय."

"मंडळाची स्मरणिका कोण वाचतं? मी नाही वाचली. तूही नाही वाचलीस. नाहीतर व्हिसा देणारा दुसरा कफील शोध."

समजावण्यात अर्थ उरला नाही की श्रुतीचा आवाज मऊ व्हायचा.

"राहू दे मग, सर. उगाच रीतसर सगळं लिहीत बसावं लागतं. लेखिका, लेख, पान, तारीख. वर संपादकाचं नाव."

टिळेकर चष्मा पुसायचे थांबले.

"संपादक मीच होतो."

"हो का?"

"हे अमेरिकेच्या सरकारी नोंदीत राहतं?"

"कायमचं."

"पूर्ण नाव टाक. डॉक्टर धरून. हिचं आद्याक्षर पुरे."

लेख मराठी, म्हणून इंग्रजी भाषांतर जोडायचं होतं. श्रुतीने ते दुपारपर्यंत उरकलं. टिळेकरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी स्मरणिका उघडून आपलं संपादकीय तिच्यापुढे सरकवलं.

"हेही जोड. कळू दे तिकडच्यांना, आपण काय लिहितो."

श्रुतीने वाचलं: 'सौ. हेमलता यांनी सांगितलेला गिझरचा उपाय नवा नव्हे. रियाधमध्ये तो घरोघरी वर्षानुवर्षं चालत आला आहे.'

"सगळंच घेऊ, सर?"

"शब्दन् शब्द," टिळेकर म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.