घ्यायचं नाही, टाकायचंही नाही

नर्सिंग प्रवेश परीक्षेची साइट गोंदियातल्या आमच्या ऑफिसातून चालायची. २०१५ साली हॉल तिकिटं निघाली आणि गर्दीने सर्व्हर मान टाकू लागला. म्हणून मी त्याच्या पुढे एनजिन्क्स नावाचा मधला सर्व्हर बसवला. एकदा आलेलं पान तो दहा मिनिटं साठ्यात ठेवी आणि पुढच्याला तेच देई. लॉगिन केलेल्याला मात्र साठ्यातलं द्यायचं नाही, अशी अट मी घातली. माझ्या लॉगिनने पाहिलं, पान बरोबर आलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सौंदडहून रिंकू नावाच्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, कॅफेवाल्यानं लॉगिन न करताच काढून देलन. घरी येऊन पाह्यलं तं फोटो दुसऱ्याच पोरीचा. रुचि म्हणून नाव हाये. उद्या मले आत कोण घेईल?"

कॅफे सहाला बंद होत होता. मी तिला थोडी वाट पाहायला सांगितलं.

टिकारामभाऊ शेजारच्या टेबलावरून म्हणाले, "बाई, तुमचा सर्व्हर प्रसाद वाटून राहिला काय?" मी अट पुन्हा वाचली. चूक दिसेना.

गुरुवारचा माझा उपास होता. माझ्या डब्यातली भगर थोडी उरली होती. ऑफिसातल्या नंदाबाईंनी आपला डबा पुढे केला, त्यात टाका म्हणाल्या. घरी सासूबाईंचा नेम आहे: उपासाचं सगळ्यांच्या भांड्यातून घ्यायचं नाही आणि उरलेलं त्यात टाकायचंही नाही.

"घेत नाही मी, नंदाबाई, अन् टाकतही नाही," म्हटलं, आणि डब्याचं झाकण हातातच राहिलं.

साठ्यातून घ्यायचं नाही, एवढंच मी सर्व्हरला सांगितलं होतं. साठ्यात टाकायचं नाही, हे सांगितलंच नव्हतं. रुचिने लॉगिन करून मागवलेलं ताजं पान साठ्यात जाऊन बसलं होतं, आणि पुढची दहा मिनिटं लॉगिन न केलेल्या प्रत्येकाला तेच मिळालं होतं.

दुसरी ओळ लिहिली. साठा रिकामा केला. एका ब्राउझरमध्ये लॉगिन करून तिकीट उघडलं, दुसऱ्यात लॉगिनशिवाय. तिथे आता लॉगिनचंच पान आलं. मग रिंकूला कॅफेत पाठवलं.

साडेपाचला तिचा फोन आला.

"माहाच फोटो हाये. ते रुचिचं काय करू?"

"फाडून टाक, बेटा."

मग सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला. रुचिचं पान आणखी चौघांकडे गेलं होतं. तिचा नंबर अर्जात होता. तिचं तिकीट दुसऱ्यांच्या हातात गेलंय हे सांगायला आधी तिलाच फोन लावला.