दोसिंदाचा मांडव

"आई गं!" ब्राइसचं डोकं पुन्हा द्राक्षांच्या मांडवाला आपटलं.

"इथंच वाढलास, अजून वाकायला शिकला नाहीस," दोसिंदा हसली. "बापाची उंची घेतलीस, अक्कल नाही घेतलीस."

"बाबांनी अक्कल वापरली असती तर मांडव एवढा बुटका बांधला असता का?"

तिचं हसू विरलं. स्पेनमधल्या गालिसियाच्या त्या किनाऱ्यावर सगळ्यांचे मांडव दगडी खांबांवर उंच चढवलेले. समुद्राचं धुकं साचू नये, वारा खेळता राहावा म्हणून. तिचाच तेवढा बुटका. नवरा, आमारो, महिनोन् महिने कॉड मासे पकडणाऱ्या बोटीवर असायचा. लग्नाच्या वर्षी त्यानं तिला शेतात उभं केलं, "हात वर कर" म्हणाला आणि बोटं पोचली तिथं खांबावर छिन्नीनं खूण केली.

"मी समुद्रावर असणार, वेल तुलाच छाटायचेत. स्टुलावरून पडलीस तर उचलणार कोण?"

पुढे आमारो वारला, तरी त्या मांडवाखाली ती ताठ उभी राहून काम करत आली.

"गेली दोन वर्षं निम्मे घड बुरशीनं खाल्ले," ब्राइस म्हणाला. "आता खांब वाढवू दे, आई."

"मी मेल्यावर वाढव."

"तू कसली मरतेस! वेल मरतील."

तिनं त्याला हाकललं. दुपारी मात्र एकटीच उठली. शेजारणीच्या उंच मांडवाखाली जाऊन, टाचा उंचावून घडात बोटं घातली. कोरडे. परत येऊन आपल्या घडात घातली. भर उन्हातही बोटं ओली झाली, करड्या बुरशीनं माखली. ती हात ॲप्रनला पुसत राहिली.

रात्री ब्राइसपुढे सूप ठेवताना म्हणाली, "हिवाळ्यात छाटणी झाली की वाढव. आणि नीट कर, तुझा बाप वाकडं काम करत नसे."

फेब्रुवारीत मांडव वर चढला. दोसिंदा खाली उभी राहिली, हात उंचावला. वेलांपर्यंत वीतभर अंतर राहिलं. ब्राइसनं मान खाली घातली.

"स्टूल आणू, आई?"

"तुझ्या बायकोला दे. यापुढे छाटणी तिची, चुकली तर मी ओरडेन. मला बटाट्याचं बियाणं आण. खाली आता उजेड बरा पडतोय."

ती गुडघ्यांवर बसून वाफा उकरू लागली. समुद्रावरचा वारा मांडवाखालून थेट निघून गेला. तिनं डोक्याचा रुमाल जरा घट्ट बांधला.