जात्यावर टांगलेला मायक्रोफोन

मनकर्णाबाईंच्या गळ्यात गाठ निघाली तेव्हा बोरीच्या हकीमसाहेबांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात गळा कापून घेतला तर जीव वाचेल, पण आवाज जाईल. म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या. लय बोलून झालंय." लेक मात्र तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

लेक म्हणजे कावेरी. जिंतूरच्या शाळेतले मास्तर उद्धवराव यांची बायको. मायचा आवाज म्हणजे काय हे तिला कुणाला समजावून सांगता आलं नसतं. तो मोठा नव्हताच कधी. भल्या पहाटे, लेकरांची झोप मोडू नये म्हणून माय दळताना जेवढ्यास तेवढं गायची, आणि जन्मभर गळ्याला तीच सवय लागली. आता गाठीमुळं तर तो आणखी बारीक झाला होता. तरी कावेरी अंथरुणात डोळे मिटून पडायची तेव्हा तोच ऐकू यायचा. तो जाणार, आणि काही वर्षांनी आपल्याला आठवेनासाही होणार, या एका भीतीनं तिला अन्न गोड लागेना.

तेवढ्यात देवळातली भजनं तबकडीवर घेण्यासाठी मुंबईच्या एका कंपनीची मोटार जिंतुरात आली. तिच्यासोबत आलेले दिनकरराव हे औरंगाबादेत उद्धवरावांच्या बाकावर शिकलेले. उद्धवरावांनी गळ घातली, कावेरीनं डोळ्यांत पाणी आणलं, आणि मऊ स्वभावाचे दिनकरराव पाघळले. म्हणाले, "मेणाची एकच तबकडी उरली आहे. एकदा कोरली की कोरली. पुसता येत नाही, इथं वाजवून बघताही येत नाही. तेव्हा आधी नीट तयारी करू."

मनकर्णाबाई जिंतूरला लेकीकडं येऊन राहिल्या होत्या आणि उद्या हैदराबादला निघायच्या होत्या. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

दुपारी कावेरीच्या सैपाकघराच्या भिंतींवर शेजारपाजारच्या गोधड्या टांगल्या गेल्या, आवाज घुमू नये म्हणून. दिनकररावांनी यंत्र पडवीत मांडलं, मोटारीच्या बॅटऱ्या जोडल्या, कानांवर ऐकायचे डबे चढवले आणि मनकर्णाबाईंपुढं उंच दांड्यावर एक वाटोळा, जाळीचा मायक्रोफोन उभा केला.

"ह्यो काय, चाळण हाय का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"यात कोळशाची पूड आहे, मावशी. आवाजानं ती हलते. गा तुम्ही."

मनकर्णाबाई मांडी घालून बसल्या. एक ओळ म्हटली, दुसरी आठवेना. उजवा हात मांडीवर आपसूक गोल फिरत होता, पण त्यात जात्याचा खुंटा नव्हता. जन्मात कधी बाई नुसती बसून गायली नव्हती. गाणं तिच्या तोंडात नव्हतंच मुळी, हातात होतं.

"हातात काई नसलं की मला सुदरत न्हाई," त्या ओशाळून म्हणाल्या.

मग कावेरीनं कोपऱ्यातलं जातं मधोमध ओढून घेतलं. जातं फिरलं आणि ओवी सुरू झाली, पण दिनकररावांनी तोंड वाकडं केलं. त्यांनी डबे काढून कावेरीच्या कानांना लावले. आत नुसती घरघर, आणि वर त्या कोळशाची खरखर. माय समोर ओठ हलवत होती आणि कावेरीला तिचा एक शब्द ऐकू येत नव्हता. उद्यानंतर हे असंच दिसणार होतं.

"दाणे नका घालू," दिनकरराव म्हणाले. "रिकामंच हळू फिरवा. घरघर कमी होईल."

त्याबरोबर मनकर्णाबाईंनी खुंट्यावरचा हात काढून घेतला. "रिकामं जातं फिरवीत न्हाईत भाऊ. माझ्या लेकीचं भरलं घर हाय. माझा आवाज ऱ्हायला काय आन् गेला काय!"

रिकामं जातं फिरलं की घर रिकामं होतं, हे मुंबईच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? पण ते हसले नाहीत, हे त्यांच्या भल्या मनाचं लक्षण. मग मोटारीतून मखमली अस्तराची एक पेटी घेऊन आले आणि मांडीवर घेऊन जपून उघडली.

"हा दुसरा मायक्रोफोन," ते म्हणाले. "यात पूड नाही, बेगडाहून पातळ अशी धातूची पट्टी आहे. हळू आवाजासाठी याच्यासारखा नाही. पण जोरानं फुंकर बसली तरी फाटेल. पीठ आत गेलं तर माझी नोकरी जाईल. विलायतेहून आलाय." आणि त्यांनी पुढं सांगितलं, "याची एक गंमत आहे वहिनी. याला दोन बाजूंनी ऐकू येतं, पुढून आणि मागून. कडांनी आणि खालून हा ठार बहिरा."

"खालून बहिरा?" कावेरी उठून उभी राहिली. "आन् दोन बाजूंनी ऐकतो? दिनकरभाऊ, जात्यावर दोघी बसतात. समोरासमोर."

दिनकररावांनी लगेच आढ्याला दोरी बांधली, पट्टीच्या मायक्रोफोनला पातळ मलमलीचा अंगरखा घातला आणि बरोब्बर जात्याच्या वर, दोघींच्या तोंडांच्या उंचीवर तो टांगला. जातं त्याच्या खाली आलं, माय पुढं, लेक मागं.

"बांगड्या वाजतील, वहिनी. काढाल का?"

"अगं बया!" मनकर्णाबाई उद्गारल्या. सवाष्णीनं बांगड्या काढायच्या? शेवटी कावेरीनं मनगटांना ओली फडकी गुंडाळली.

"तुम्ही फक्त ओढायचं," दिनकररावांनी तिला बजावलं. "तुमच्या बाजूनंही याला तितकंच ऐकू येतं. हूं की चूं करायचं नाही." ते पडवीत गेले आणि त्यांनी मेणावर सुई टेकवली.

जातं फिरू लागलं. मनकर्णाबाईंनी डोळे मिटले, आणि त्या बारीक, उन्हात वाळलेल्या आवाजात ओवी आली.

बोरीच्या ग वाटंवरी, धुरळ्यात बैलगाडी
लेक सासरी निघाली, माय उंबरा ना सोडी

कावेरीनं ही ओवी कधी ऐकली नव्हती. ऐकणार कशी? कावेरी सासरी गेल्यानंतरची होती ना ही. आपण गेल्यावर माय रोज पहाटे एकटीच हे गात बसली असणार, हे तिला आत्ता, या घडीला कळलं. तिनं ओठ दाबून धरले, पण हुंदका काय विचारून येतो? आला, आणि चांगला मोठ्यानं आला.

मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. यंत्र, मेण, मुंबई सगळं विसरून, हात न थांबवता त्या म्हणाल्या, "रडतीस कशाला गं, पीठ वलं व्हईल." आणि पुढची ओवी धरली.

सुई थांबल्यावर कावेरी पडवीत आली. तिला तोंड वर करवेना. "मी मातेरं केलं, दिनकरभाऊ."

"कंपनी ही विकायची नाही, हे खरं," दिनकरराव कानांवरचे डबे काढत म्हणाले. त्यांचेही डोळे लाल झाले होते. "पण घरापुरती एक प्रत मी काढून पाठवतो."

तबकडी आली तोवर मनकर्णाबाई हैदराबादहून परतल्या होत्या. जीव वाचला होता, गळ्याला पांढरं फडकं होतं, आवाज नव्हता. काही हवं असलं की त्या भांड्यावर बोट वाजवत. बोलकी बाई मुकी झाली, की घरातलेही उगाच हळू बोलू लागतात, तसं झालं होतं.

उद्धवरावांनी कुणाकडून तरी मागून आणलेल्या भोंग्याच्या फोनोवर तबकडी चढवून चावी दिली. आधी थोडी खसखस झाली, खोल कुठंतरी जातं पुटपुटलं, आणि त्यावर स्वच्छ, अगदी कानाशी, मायचा आवाज उमटला. मनकर्णाबाई दचकल्या. त्यांनी भोंग्यापुढं हात धरून बघितला, जणू त्यातून श्वास येतोय का ते. उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. रडण्यालाही आवाज उरला नव्हता. कावेरीला ते बघवेना. मायला काय सांगावं, कसं गप्प करावं, तिला एक शब्द सुचेना.

तेवढ्यात भोंग्यातून कावेरीचा हुंदका ऐकू आला, आणि त्याच्या पाठोपाठ मायच म्हणाली, "रडतीस कशाला गं, पीठ वलं व्हईल."

मनकर्णाबाईंनी आधी भोंग्याकडं पाहिलं, मग लेकीकडं. आणि पदरानं डोळे पुसत त्या खांदे हलवून हसायला लागल्या.